नाथसागरावर वारा फिरला तेव्हा

“अहो, तुमची शेळी माझा दोर खातेय!”

बाभळीखाली मोबाईल बघत बसलेला तो दचकून उठला, धावत आला... तोवर माझ्या शिडाचा नवाकोरा दोर शेळीनं पार चघळून टाकला होता.

“माझी नाय, वडलांची हाये,” तो ओशाळून हसला. “मी नुसता रविवारचा राखणदार.”

त्याचं नाव रामप्रसाद. धनगराच्या घरातला, वाळूजच्या कारखान्यात सुपरवायझर. मी शालू, गारखेड्यातल्या शाळेत भूगोल शिकवते. छावणीतल्या एका निवृत्त सुभेदारांकडून मी जुनी शिडाची होडी घेतली होती. दर रविवारी स्कूटी काढायची आणि नाथसागराचा काठ गाठायचा – घरच्यांच्या मते हे निव्वळ खूळ.

पुढच्या रविवारी तो औरंगपुऱ्यातून नवा दोर घेऊन आला. त्यानंतर मात्र... काही कारण नसतानाच येत राहिला. होडी पालथी घालून आम्ही जुना रंग खरवडायचो, फटी बुजवायचो, व्हार्निशचा हात मारायचो.

“एवढी सेवा तर माणसाचीबी कुणी करत नाय,” तो म्हणायचा.

“माणूस वाऱ्यावर असा पळतो का?”

“पळतो की. बोलवून तर बघा...”

मी खाली मान घालून घासत राहायचे. कान मात्र तापलेले असायचे.

होडीत मात्र तो कधी बसला नाही. त्याला पोहता येत नव्हतं. म्हणून त्या रविवारी तो “आज बसतो” म्हणाला तेव्हा मी बघतच राहिले.

“उद्या तुम्हाला बघायला पाहुणे येणारेत म्हणं,” तो पाण्याकडं बघत म्हणाला. “मेघाताई बोलल्या.”

ही माझी बहीण मेघा! कधीमधी माझ्यासोबत काठावर यायची. पोटात काही राहत नाही तिच्या. मी त्याच्या लाईफ जॅकेटचे बंद आवळले, शीड उभारलं.

काठ दूर गेला. शीड टम्म फुगलं, होडी पाणी कापत निघाली... आणि एकाएकी वारा फिरला. होडी एका अंगावर कलली, पाणी भसाभसा आत आलं. शीड सैल सोडावं तर दोर गाठ बसून कप्पीत अडकलेला!

“राम, माझ्या बाजूला ये! बाहेर झुक!”

“पडंन मी!”

“मी आहे ना! पाय त्या पट्ट्यात अडकव... झुक!”

त्यानं डोळे गच्च मिटले आणि स्वतःला पाण्यावर झोकून दिलं. त्याच्या वजनानं होडी क्षणभर सावरली. मी दातांनी गाठ ओढली, दोर सुटला, शीड फडफडलं... होडी हळूहळू सरळ झाली.

काठाला लागलो तेव्हा दोघंही चिंब होतो. मी त्याचे हात धरले, सोडले नाहीत.

“एवढा घाबरतोस, तर आलास कशाला?”

“उद्या लई उशीर झाला असता,” तो म्हणाला. “शालू, मला तू पाहिजेस. पण आम्ही मेंढरं राखणारी माणसं... तुमचा वाडवडलांचा जमीनजुमला. तुझ्या बाबांना चालंल?”

“माहीत नाही.” मी स्कूटीकडं निघाले. “चल, विचारू.”

“कधी?”

“आत्ता.”

“असा वला?”

“असाच.”

मी स्कूटीची किल्ली त्याच्या हातात दिली आणि मागं बसले.