झडप आपोआप बंद होत नाही

पहिल्या भेटीत कुवाना सतत माफी मागत होता, आणि कॉफी सांडली होती मी – त्याच्या पटकथेवर, टोकियोतल्या चोफूच्या स्टुडिओतल्या लिफ्टमध्ये.

"माफ करा हं, मी मध्येच उभा होतो."

"लिफ्टमध्ये माणूस आणखी कुठे उभा राहणार?"

तो हसला. हसताना त्याचा चष्मा किंचित वर सरकायचा.

मी हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्रणांची इंजिनिअर. चंद्रावरच्या वसाहतीच्या एका जुन्या कादंबरीवर सिनेमा निघत होता, आणि मला फक्त हवेचे आकडे तपासायचे होते. कादंबरीत हवा कमी पडते, आणि सरकार हुकूम सोडतं – परदेशातून आणलेल्या खाणकामगारांच्या विभागाची हवेची झडप बंद करा. हवा सांभाळणारी बाई नकार देते. ती कादंबरी वाचूनच मी ही शाखा घेतली होती.

पैसे घालणाऱ्या कंपन्यांच्या समितीला हा हुकूम टोचत होता. कुवानाच्या नव्या मसुद्यातून तो गेला आणि त्याच्या जागी यंत्रातला बिघाड आला. ती बाई आता एका वैमानिकाला प्रेमाने डबा भरून देऊ लागली.

"डबा?" मी कुवानाला कॅन्टीनमध्ये गाठलं. "चंद्रावर?"

"चांगला डबा आहे हो. गोड ऑम्लेट आहे त्यात."

"झडप आपोआप बंद होत नाही, कुवाना-सान. तशी बनवतच नाहीत. कोणीतरी ती बंद करावी लागते."

"माहीत आहे."

"मग तसं बोला ना त्यांना!"

"बघतो..." म्हणत त्याने आपल्या ताटलीतला लोणच्याचा मुळा माझ्याकडे सरकवला. मला तो आवडतो हे याने कधी पाहिलं? चिडावं की खावं कळेना. मी दोन्ही केलं.

पुढे महिनाभर तो दुपारी मिठाईचा खोका घेऊन गायब व्हायचा. समितीला खूश करतोय, लाळघोट्या, मी मनात म्हणायची. आणि संध्याकाळी त्याच्या परतण्याची वाट बघायची, याचा आणखी वैताग.

समितीच्या बैठकीच्या दिवशी अध्यक्षांनी कागद उलगडला, आणि ते तोंड उघडणार तोच मी उभी राहिले.

"बिघाड शास्त्रात बसत नाही. तो हुकूमच होता. तुम्हाला सरकारची भीती वाटते, एवढंच."

कोणीतरी कप खाली ठेवला. अध्यक्ष म्हणाले, "पुन्हा विचार करावा लागेल." बैठक संपली.

जिन्यात कुवानाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "हुकूम परत येणार होता, निशीओ-सान! आज! एकेकाच्या ऑफिसात चहा पिऊन सगळ्यांना राजी केलं होतं मी. आज फक्त माना हलवायच्या होत्या!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ठराव बैठकीआधीच पक्के होतात, हे इथे कोणाला माहीत नसतं? तरी मी म्हटलं, "सगळ्यांना विचारलंत. मला?"

"तुम्ही माझ्याच बाजूच्या. तुम्हाला काय विचारायचं?"

"हेच! अगदी हेच!"

मग आम्ही दोघे पुन्हा दारोदार फिरलो. मी कमरेत वाकून माफी मागितली, त्याने मिठाई पुढे केली. शेवटी राहिले समितीतले टीव्ही कंपनीचे सेगावा.

"ती बाई वैमानिकाशी लग्न करणार की नाही?" त्यांनी विचारलं.

"तिला कोणी विचारलेलंच नाही," मी म्हणाले.

कुवानाने डोळे मिटून घेतले. सेगावा मात्र खो खो हसले. "बरं बुवा, हुकूम ठेवा. पण डबा राहू दे, माझ्या बायकोला आवडलाय."

"राहील," कुवाना पटकन म्हणाला. "वैमानिक भरेल."

बाहेर भुरभुर पाऊस होता. चौकातल्या सिग्नलपाशी तो थांबला.

"निशीओ-सान... या वेळी मी आधी कोणालाच विचारलेलं नाही. तुमच्या आईला नाही, ऑफिसात नाही. तुम्ही काय म्हणाल, काही अंदाज नाही." चष्म्याच्या काचेवर थेंब जमले होते, तो पुसत नव्हता. "मला तुम्ही आवडता."

सिग्नल हिरवा झाला. पुन्हा लाल झाला.

"आणि?"

"आणि... पुढचं काही तयार केलं नव्हतं."

अरे देवा. मी त्याचा चष्मा काढला, माझ्या मफलरने पुसला आणि परत त्याच्या नाकावर ठेवला.

"हो," मी म्हणाले. "आता दिसतंय ना? मग चला. भूक लागलीये मला."