जवळचा ळ

रविवारची उपासना आटोपली की अमरावतीच्या त्या छोट्या चर्चमध्ये हर्षाची तालीम सुरू व्हायची. आठवडाभर ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची आणि रविवारी क्वायर, म्हणजे चर्चचा गायकवृंद, बसवायची. अकोल्याच्या नाताळ मेळाव्यात दरवर्षी या क्वायरचं गाणं सुरू झालं की लोक चहाला उठायचे. यंदा एकालाही उठू द्यायचं नाही, या ईर्ष्येनं तिनं आठ आवाजांचं गीत निवडलं होतं. माणसंही आठच, प्रत्येकाची ओळ वेगळी. दुसऱ्याच्या आवाजाआड लपायची सोय नाही.

त्यात प्रणालीला नोकरी लागली नि ती नागपूरला गेली. दुसऱ्या अल्टोची, बायकांच्या खालच्या आवाजाची, ओळ रिकामी पडली. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, सोपं काही घ्या. हर्षा कसली ऐकते!

दुसरं दुखणं ळचं. गीतात सारखं ‘जवळ ये, जवळ ये’ यायचं आणि मंडळी बिनदिक्कत ‘जवय ये’ गायची.

“जवय नाही, जवळ! जीभ टाळूला लावा.”

“अवो बाई,” पहिल्या अल्टोच्या पार्बताबाई म्हणाल्या, “जल्मभर जवय म्हनलं, देवानं आयकलं नं? आता ळ म्हनल्यावरच येईन काय?”

सगळे खो खो हसले. हर्षासुद्धा.

डिसेंबर लागला आणि गाणं बसू लागलं. एका दुपारी सातही सूर असे जुळले की हर्षाच्या अंगावर सरसरून काटा आला. आठवा सूर ऐकू येत होता. दुसऱ्या अल्टोचा, दाराबाहेरून आल्यासारखा.

“ताई, तुमी गाऊन राहिल्या काय?” गजेंद्रनं विचारलं. तो बेस, सगळ्यांत खालचा आवाज, गायचा, एरवी लाउडस्पीकरचं दुकान चालवायचा.

“छे! तंबोरा नीट लागला की न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो ना? तसंच हे. अरे, आपण सुरात आहोत!”

ती नाचायचीच काय ती बाकी होती.

मग तालमीला कुणी दांडी मारेना. ळ सुधारत गेला, आणि तो जितका स्वच्छ होई तितका आठवा सूर आत येई. आधी दारात, मग शेवटच्या बाकांपाशी, मग थेट पार्बताबाईंच्या मागे. जुळणी सुधारली म्हणून स्पष्ट ऐकू येतं, हर्षा सांगायची. सगळे खुशीत मान डोलवायचे.

आपोआप उमटलेल्या सुराला शब्द नसतात, हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही. याला शब्द होते. फक्त श्वास नव्हता. पार्बताबाई लाल व्हायच्या अशा लांब ओळीतही तो कुठे तुटत नसे.

शेवटच्या तालमीत पार्बताबाई मुद्दाम ‘जवय’ गाऊ लागल्या.

“मावशी, मेळावा तोंडावर आलाय. असं का करता?”

“मले थे इतकं जवय नाई पायजे,” त्या खाली बघत म्हणाल्या.

“एकदाच म्हणा. माझ्यासाठी.”

हर्षानं त्यांचे हात धरले. त्यांनी होकार दिला.

अकोल्याचा हॉल गच्च भरला होता. बाहेर चुलीवर चहाचा भला मोठा गंज उकळत होता. गाणं सुरू झालं आणि मागे एकही खुर्ची सरकली नाही. हर्षाचे हात आपसूक हलत होते. आठही ओळी तिला लख्ख ऐकू येत होत्या.

शेवटचं ‘जवळ ये’ आलं.

पार्बताबाईंनी डोळे घट्ट मिटले आणि ळ म्हटला. सातांचा ळ, एकदम, स्वच्छ.

हर्षाला आनंदानं रडूच फुटलं. गाणं थांबवायची खूण म्हणून तिनं मूठ मिटली.

सात तोंडं मिटली.

आठवा सूर थांबला नाही.

गजेंद्र तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या खांद्यामागे बघत होता.

सूर सावकाश विरला. टाळी वाजली नाही.

गीत तिथेच संपत होतं. तरीही हर्षाच्या कानाशी कुणीतरी पुढच्या ओळीसाठी श्वास घेतला.