एका घमेल्याचं अंतर

गप्प बसा दोघंही. संध्याकाळपासून डोकं उठवलंय नुसतं. एक म्हणतो वीस किलोमीटरच्या पुढं पाऊल टाकायचं नाही, दुसरी म्हणते जिथून फोन येईल तिथं जायचं. अजून साधी शेगडी विकत घेतली नाहीत आणि ऑर्डरी कुठवरच्या घ्यायच्या यावरून हमरीतुमरी! बार्बेक्यूचा धंदा मी केला नाही, पण तुमच्या मावशीच्या नवऱ्यानं केला. माझा साडू. त्याचं काय झालं ते त्यानं मला एकदाच सांगितलं, परत कधी विषय काढला नाही. मीही तुम्हाला सांगणार नव्हतो. पण तुम्ही ऐकणाऱ्यातले नाही, तेव्हा बसा. दार लोटून घ्या.

तुम्ही तेव्हा शाळेत होतात. साडूची चाकांवरची मोठी लोखंडी शेगडी होती, गाडीच्या मागं हुकाला जोडायची. ती तो घरूनच पेटवून न्यायचा. एक घमेलं कोळसा घालून झाकण लावलं, की वाटेत निखारा सावकाश धरतो आणि पोचल्या पोचल्या जाळीवर मांस टाकता येतं. पाहुणे ताटकळत नाहीत. त्यावरूनच मावशीनं हद्द घालून दिली होती. एका घमेल्यात जिथं पोचता येईल, तेवढंच लांब जायचं. वाटेत निखारा विझत येऊन पांढरा पडला, की गाडी वळवायची. त्यांचं घर गावाबाहेर, शेजार नाही. रात्री एकटीला तिला झोप यायची नाही. तो रात्री घरी असावा, एवढंच तिचं मागणं होतं.

पण साडू जवळच्या गिऱ्हाइकांना विटला होता. सगळे ओळखीचे. ऐनवेळी दहा माणसं वाढवणार, अंगणातला नळ बंद ठेवणार आणि वर ऐकवणार, "इथल्या इथं तर यायचंय, त्यात काय एवढं?" लांबचे लोक कसे मान देतात, हे त्याचं पालुपद. मग काय, दर महिन्याला स्वारी थोडी पुढं, थोडी पुढं. मावशी बोलायची आणि हा कानाडोळा करायचा. मीही दोनदा समजावलं. मला म्हणाला, "तुम्ही खुर्चीवर बसून नोकरी केलीत, तुम्हाला नाही कळायचं." राग येतो अजून.

नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. दुपारी एका बाईचा फोन आला. डोंगरापलीकडं घर, चाळीस माणसं, त्याच रात्री. "आमच्याकडं कुणी येतच नाही हो एवढ्या लांब," म्हणाली. हा लगेच हो म्हणाला. मावशीनं हातातलं पातेलं आपटलं.

"हद्द म्हणजे काय रोज पुढं सरकवायची खुर्ची आहे का रे?"

"मग चल ना बरोबर."

"मी नाही यायची. आणि एकदाचं ठरव, कुठवर जायचं ते. माझा जीव टांगणीला लागतो इथं."

"आल्यावर ठरवू," म्हणाला आणि दार आपटून निघाला.

थंडी मरणाची. डोंगर चढला, उतरला, रस्ता काही संपेना. मध्येच बाईचा फोन. "अजून थोडं पुढं या." पुन्हा फोन. "थोडंच राहिलंय." साडूची नुसती चिडचिड. शेवटी त्यानं गाडी थांबवून शेगडीचं झाकण उघडलं. निखारा पांढरा पडला होता. वळायची जागा तीच होती. पण घरी जाऊन बायकोसमोर मान खाली घालायची? याच्या अंगात ते कुठलं! भर रस्त्यात त्यानं दुसरं घमेलं ओतलं, पुठ्ठ्यानं वारा घातला. भडका उडाला. त्या उजेडात रस्त्याच्या कडेला कुणी उभं असल्यासारखं वाटलं. नीट बघितलं तर कोणी नाही.

पुढच्याच वळणाला घर लागलं. चांगलं नवं घर. हिरवळीवर दिव्यांच्या माळा, टेबलं, पांढऱ्या ताटल्या मांडलेल्या. दारात एक म्हातारी बाई. आवाज फोनवरचाच.

"आलात? आम्हाला वाटलं, तुम्हीही तिथनं वळाल."

त्यानं हुक काढला, शेगडी हिरवळीवर उभी केली, मांस लावलं. पाहुणे आले. एकेक करून... घरातून नाही, अंधारातून. टेबलाकडं कोणी गेलं नाही. सगळे शेगडीभोवती उभे राहिले. हात पुढं केले. तळवे निखाऱ्यावर. आणि उभेच.

"ताटल्या घ्या ना," साडू म्हणाला.

कोणी हललं नाही.

मांस करपायला लागलं. याची तळपायाची आग मस्तकात. "अहो, एवढ्या लांबून आणलंय! खा तरी!"

एकानं फक्त हात आणखी खाली नेला. तापलेल्या लोखंडावर टेकवला. ठेवला तसाच. चटका नाही... वास नाही...

"कोळसा घाला," म्हातारी म्हणाली.

त्यानं घातला. पुन्हा घातला. पोती रिकामी झाली.

"संपला."

"घाला."

"बाई, संपला हो..."

चाळीस तोंडं त्याच्याकडं वळली.

तो पळाला. शेगडी, भांडी, सगळं टाकून. गाडी सुरू केली. आरशात बघितलं... मागं कोणी धावत नव्हतं. सगळे नुसते उभे होते. गाडी कुठल्या दिशेनं जाते ते बघत.

उजाडता उजाडता घरी पोचला. वाटेत ठरवून टाकलं होतं, आता मावशी म्हणेल ती हद्द. तिचे पाय धरायलाही तयार होता. फाटक उघडलं.

शेगडी अंगणात उभी होती.

आत निखारा. लालबुंद.

मावशी चहाचा कप घेऊन बाहेर आली. राग कुठल्या कुठं गेलेला. म्हणाली, "अरे, शेगडी काय विसरतोस? एक म्हातारी आत्ता घेऊन आली होती. केवढी माणसं बरोबर! सगळी ढकलत आणली बिचाऱ्यांनी."

यानं वळून फाटकाबाहेर बघितलं.

"फार गोड बोलली. म्हणाली, आता यांनी एवढ्या लांब यायला नको. घर बघितलंय आम्ही."

"तू... काय केलंस?"

"आत या म्हटलं. नको म्हणाली. जाताना माझा हात धरला, सोडेचना बराच वेळ. गारठली होती रे..."

साडूनं त्याच आठवड्यात धंदा बंद केला. घर सोडलं, भर वस्तीत खोल्या घेतल्या. तुम्हाला सांगितलं गेलं की त्याची कंबर धरली. मावशीचा तो हात तीन डॉक्टरांना दाखवला. रक्त खेळतंय, बोटं हलतायत, सगळं ठीक आहे म्हणाले. ठीक आहे तर मग...

जाऊ दे. मला एवढंच सांगा. त्यानंतर तुम्हाला कधी ताप आला, की मावशी उशाशी बसायची. कपाळावर हात ठेवायची. कुठला हात?

आठवा नीट.

डावा. नेहमी डावाच. उजवा ती पदराखाली धरून बसायची.