मुका सिनेमा

हौसेराव वाशीच्या मार्केटात पोती वाहायचा, तेव्हा त्याची हाक चार गाळे ओलांडून जायची. आता कंबर गेली. तळवलीतल्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर बसून भिंतीशी भांडायचं, एवढंच राहिलं. तरी घरच्यांचा डोळा चुकवून लंगडत मार्केटात पळायचा, तिथल्या पोरांना शिव्या घालायला. म्हणून त्याची बायको बाळाबाई भाजीला निघाली की सेफ्टी डोअरला बाहेरून कडी घालायची.

त्या दुपारी सून उज्वला कामावर निघताना टीव्ही लावून गेली.

"बाबा, मुका सिनेमा आहे. शंभर वर्षं झाली, लोक अजून हसतात."

"मुका? मग बघू काय, कपाळ?"

"बरंय की. उलटून बोलणारं कुणी नाही."

मागोमाग बाळाबाई गेली. कडी वाजली. घरात तो एकटा.

पडद्यावर फाटक्या कोटातला एक माणूस खोलीत अडकला होता. दार बडवत होता. बाहेरून माणसं जायची, पण उघडायचं कुणी नाही. त्यानं लाथ मारली आणि पाय धरून एका पायावर नाचला. हौसेराव आधी कुरकुरला, मग फिसकन हसला, मग पोट धरून हसला. "मर लेका! हाण अजून एक!"

माणूस थांबला. हळूहळू वळला. पडद्यातून सरळ हौसेरावाकडे बघत राहिला...

जळक्या कंगव्यासारखा वास आला. हौसेरावाच्या ध्यानात आलं, पंखा फिरतोय, पण घरघरत नाही. खालचा रस्तासुद्धा गप्प. "आयला..." तो म्हणाला. नुसते ओठ हलले. खाकरला. काही नाही.

त्यानं आतलं लाकडी दार उघडलं आणि सेफ्टी डोअरच्या जाळीला तोंड लावून जीव खाऊन ओरडला. शेजारची अरुणा बाहेर आली. त्यानं कडीकडं बोट दाखवलं, हात जोडले. ती हसली. त्यानं जाळीवर बुक्की हाणली, कळ आली, हात काखेत घालून वाकला. अरुणा भिंतीला टेकून हसायला लागली. तिच्याही हसण्याला आवाज नव्हता. त्यानं लाथ घातली. कंबरेत चमक भरली, एका पायावर नाचला... अरुणानं ओढणीनं डोळे पुसले.

लिफ्ट उघडली. बाळाबाई. देवा, ही तरी उघडेल! तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि पिशवी खाली ठेवून तीही हसायला लागली. हसत हसतच कडी काढली.

कडी खाडकन वाजली. पंखा घरघरला. खालून ट्रकचा हॉर्न आला.

"काय वं, एवढं काय हसताय?" बाळाबाई म्हणाली. "खाली गेटापतुर ऐकू येतंय!"

न्हाय गं, वरडत हुतो मी... ओठ हलले. आवाज आला नाही. आणि बाळाबाई त्याच्याकडं बघतच नव्हती. त्याच्या खांद्यावरून आत बघत होती.

तो वळला. टीव्हीतली खोली रिकामी होती. दार सताड उघडं.

तेवढ्यात बेडरूममधून हाक आली. त्याचाच आवाज, मार्केटातला, खणखणीत.

"आलीस का गं? दार लाव, आन् च्या टाक!"

"टाकते की!"

वाटेतली खुर्ची सारावी तसं तिनं हौसेरावाला बाजूला सारलं, दार लावलं आणि गॅस पेटवला. थोड्या वेळानं कपबशी घेऊन ती बेडरूमकडं गेली. हौसेराव जागचा हलला नाही.

आतून बशीतल्या च्याचा भुरका ऐकू आला.