बेचाळीस दात

साम्राज्यं दातांवर उभी राहतात आणि दात झिजले की कोसळतात, असा सिद्धान्त अण्णाप्पा मिस्त्री उद्यमनगरातल्या आपल्या शेडमध्ये मोटरसायकलचं दातेरी चक्र उंच धरून मांडत असत. त्यांच्या स्वतःच्या तोंडात तेव्हा चारच उरले होते. त्यामुळे साम्राज्य ऐकणाऱ्याच्या तोंडावर शिंतोड्यांसकट येई.

उजव्या हाताच्या तर्जनीच्या बाबतीत मात्र थट्टा नव्हती. डोळे मिटून ती चक्रावरून फिरवली की चेन किती मैल चालली ते अण्णाप्पा सांगत. घरातली चूल त्या एका बोटावर पेटत होती.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर कोडोलीचा पिराजी दूधवाला गाडी ढकलत आला. महायुद्धातून उरलेली विलायती गाडी, दोन्ही अंगांना दुधाचे कॅन.

"मिस्त्री, चेन लई कटकट करतीया."

अण्णाप्पांनी चेनवरचं पत्र्याचं कव्हर काढलं आणि मान फिरवली. वास ग्रीसचा नव्हता. शिळ्या जेवणाचा होता, आणि तोही ताटातला नव्हे, झोपून उठलेल्या माणसाच्या तोंडातला. मागच्या चक्राच्या दातांत पिवळट लगदा अडकला होता.

"हे काय रं?"

"पुरणपोळी. खंडेनवमीला आईनं गाडीला घास दिला की."

"घास पुढं ठेवायचा असतोय. चेनीत कुणी घातला?"

"आईनंच. म्हणाली, पुढं ठिवला तर त्ये खाणार कसं?"

अण्णाप्पांनी चिंधीनं दात पुसले, बोट फिरवलं आणि थांबले. चेन ओढते त्या अंगाला दात झिजतात, आकड्यासारखे वाकतात. तीस वर्षं त्यांनी तेच पाहिलं होतं. हे वाकलेच नव्हते. माथ्यावर सपाट झाले होते, जिथं चेन टेकतच नाही. म्हाताऱ्या म्हशीच्या दाढा असतात तसे.

असल्या गाडीचे भाग आता विलायतेतही मिळत नव्हते. शेजारच्या शेडमधल्या मीरासाबनं लेथवर पुढचं लहान आणि मागचं बेचाळीस दातांचं मोठं, अशी दोन्ही चक्रं नवी कापून दिली. अण्णाप्पांनी ती नव्या चेनसह बसवली.

"आता वीस हजार मैल तोंड दाखवू नगंस."

पिराजी दहाव्या दिवशी आला. धोतराचा एक सोगा गुडघ्यापासून गायब होता. त्यात नवल नव्हतं, धोतर चेनीत जातंच. पण या वेळी कव्हर काढल्यावर आतून काळ्या ओल्या पिसांचा बोळा खाली पडला. बोळ्यात एक पिवळी नखी होती.

"कोंबडी हुती," पिराजी म्हणाला. "गाडीखाली खुडूक बसली हुती."

अण्णाप्पांच्या घराण्यात अंड्यालाही कुणी हात लावलेला नव्हता. तरी त्यांनी चिमट्यानं एकेक दात साफ केला. दातांच्या मुळाशी गुलाबी, बुळबुळीत काहीतरी धरलं होतं. रॉकेलनं निघेना. खरवडल्यावर त्यातून रक्त आलं, आणि अण्णाप्पांनी शेडमागं जाऊन दुपारचा दहीभात जमिनीला परत केला.

मीरासाबनं चक्र उजेडात धरून पाहिलं.

"अण्णा, माझं पोलाद हाय ह्ये. खडी चावली तरी असं सपाट व्हायचं न्हाय."

"चावली म्हणू नगंस," अण्णाप्पा म्हणाले.

तिसरी जोडी बसली. पंधरवड्यानं पिराजी लंगडत आला. डाव्या पायाला फडकं होतं.

"करंगळी," तो म्हणाला. "तिचा तसाबी काय उपेग हुता?"

"गाडी भंगारात घाल, पिराजी. पाया पडतो तुझ्या."

"आई न्हाय म्हणती. आत्ता कुठं खाल्ल्यालं अंगाला लागाय लागलंय म्हणती."

अण्णाप्पांनी ठरवलं, आज चक्र काढायचं आणि मीरासाबच्या भट्टीत वितळवून टाकायचं. भर दुपार होती. त्यांनी प्लग काढला, चेनची कडी सोडवून चेन बाहेर ओढली. ती कोमट होती. कव्हर अर्धंच खोललं होतं. तेवढ्यात तीस वर्षांची सवय आडवी आली. डोळे आपोआप मिटले आणि तर्जनी आत गेली.

चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस.

त्रेचाळीस.

शेवटचा बारीक होता, नवा, आणि हलत होता.

चक्र सुताएवढं फिरलं. बोट पत्रा आणि दातांमध्ये धरलं गेलं.

चावलं नाही. नुसतं धरलं. आत ओलं होतं, ऊन होतं. मग काहीतरी मऊ बोटाच्या टोकावरून सावकाश फिरलं. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"पिराजी, चाक मागं फिरव."

पिराजी गाडीशेजारी उकिडवा बसला होता. उठला नाही.

शेजारचं लेथ जेवणाच्या सुट्टीसाठी बंद झालं.

"पिराजी!"

"हलू नका, मिस्त्री."

त्यानं पेट्रोलच्या टाकीला कान लावला. थोडा वेळ ऐकलं. घरातल्या वडीलधाऱ्याला दुजोरा द्यावा तशी मान हलवली.

मग तो अण्णाप्पांकडं वळला. चेहरा ओशाळा झाला होता.

"मिस्त्री, राग मानू नका. वाईच मीठ मिळंल का?"