पुसलेले श्वास

माझा धंदा आवाज धुण्याचा. गायक गातो तेव्हा तो नुसता गात नसतो. त्याचे ओठ चिकटतात आणि सुटतात, जीभ टाळूला लागते, मध्येच थुंकी गिळली जाते. माइक कुणाची भीड ठेवत नाही, सगळं टिपतो. तुमच्या कानावर गाणं साजूक होऊन येतं ते आमच्यासारख्या बायका-माणसांनी डोळ्यांत तेल घालून घाण उपसलेली असते म्हणून. इतकी वर्षं लोकांची थुंकी ऐकल्यावर मला वाटायचं, आता किळस कशाचीच यायची नाही.

त्या गायकाला सगळे ‘मखमल’ म्हणायचे. आवाजच तसा. जॅझच्या वळणाची, हळवी, हलक्या झोक्याची गाणी. वाद्यवृंद सोडून त्याने पहिल्यांदाच एकट्याचा अल्बम केला होता. पियानो, बास, ड्रम, सगळं स्वतःच वाजवलेलं. विषय होता आई. मुखपृष्ठावर तिचा तरुणपणीचा फोटो. आई गेल्या वर्षी ज्या खोलीत वारली त्याच खोलीला त्याने लाकडी फळ्या ठोकून घेतल्या आणि तिथेच रेकॉर्डिंग केलं. ‘‘इथे ती आहे,’’ असं तो मुलाखतींतून सांगायचा. मला मेलं तेव्हाच नाक मुरडावंसं वाटलं होतं, पण काम ते काम.

कामासाठी सकाळी त्याच खोलीत गेले. खोली देखणी होती. नव्या वॉर्निशचा वास भरून राहिला होता. हेडफोन चढवून जरा बसल्यावर मात्र त्या वासाखालून दुसरा वास वर यायला लागला. भिजलेली गादी, औषध, वाटीत विसरलेलं दूध. मी रुमाल नाकाला लावला आणि पहिलं गाणं उघडलं. ‘तुझ्या कुशीचा वास’ असे शब्द होते.

दोन ओळींमधला त्याचा श्वास मी कापला. वाजवून पाहिलं. त्या रिकाम्या जागेत श्वास होताच.

तो त्याचा नव्हता. संथ होता, ओला होता. घट्ट झालेली खीर कुणी नळीने ओढावी तसा. ओढता ओढता अडकायचा, आत काहीतरी खदखदायचं आणि मग सुटायचा. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं तसलं. मी तोही कापला. पुन्हा वाजवलं. आता तो आणखी जवळून आला, माइकला तोंड लावून ओढल्यासारखा.

दारात मखमलची मोठी बहीण चहा घेऊन उभी होती. हेडफोन मी काढून ठेवले होते, आवाज स्पीकरवर चालू होता. तिच्या हातातले कप किणकिणले नाहीत की काही नाही. तिने ट्रे शांतपणे खाली ठेवला.

‘‘हा पुसू नका,’’ ती म्हणाली.

‘‘कोणाचा आहे?’’

‘‘आईचा. शेवटी कफ भरायचा तिला. बाहेर टाकायची ताकद नव्हती. मी बोटाला कापड गुंडाळून काढायचे… दिवसातून कितीदा, कोण मोजतंय.’’ ती स्पीकरकडे बघत होती. ‘‘श्वास अडवला की घाबरते हो ती. मग मिळेल त्या वाटेने ओढते.’’

‘‘आणि तुमचे भाऊ? ते काय करायचे?’’

‘‘बाळ्या? दारातून विचारायचा, कशी आहे. आत नाही यायचा. वास सहन व्हायचा नाही.’’

मला त्या आवाजाची किळस आली होती, हे खरंच. पण फळ्या ठोकून तोच वास झाकणाऱ्या आणि कुशीच्या वासाची गाणी म्हणणाऱ्या त्या माणसाची जास्त आली. तेवढ्यात तो आत आला. त्याने बाहेरून सगळं ऐकलं होतं.

‘‘पुसा,’’ तो म्हणाला. ‘‘एकही डाग नको.’’

‘‘बाळ्या, गुदमरेल रे ती…’’

‘‘ताई, ती गेली. माझ्या गाण्यांतली आई सुंदर आहे, तशीच राहू दे. तू जा बरं आत.’’

बहीण गेली. मी पुन्हा हेडफोन चढवून एकेक फट बुजवत गेले. श्वास दर वेळी अधिक जोरात, अधिक घाईने यायचा. शेवटच्या गाण्यापाशी तर नुसती धडपड ऐकू येत होती. ती कापली, आणि शांत झालं. लख्ख शांत.

मखमलने हेडफोन लावले. डोळे मिटले. ऐकता ऐकता त्याचे डोळे पाणावले आणि तो हसला. ‘‘वा,’’ म्हणाला. ‘‘आता खरी आठवण वाटते.’’

मग त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली. आधी मला वाटलं, भारावलाय. पण ती थांबेना. हनुवटीवरून पांढऱ्या शर्टवर तार लोंबली. त्याच्या गळ्यात तेच खदखदायला लागलं. तो उठायला गेला आणि खुर्चीसकट आडवा झाला. ओठ निळे पडले. मी ओरडले.

बहीण आली ती बोटाला कापड गुंडाळतच. घाई नाही, गडबड नाही. तिने त्याची मान एका बाजूला वळवली, जबडा दाबला आणि बोटं आत घातली. चिकट, पिवळट, दोरीसारखं काहीतरी बाहेर आलं. संपेचना. त्यात गुंतून एक लांब पांढरा केस आला, हातभर तरी.

‘‘झालं हं आई,’’ ती म्हणत होती. ‘‘झालं, झालं. ओढ आता.’’

मखमलने श्वास ओढला. संथ. ओला. मध्येच अडकणारा. डोळे उघडून तो बहिणीकडे बघत राहिला, पण त्या नजरेत ओळख होती ती धाकट्या भावाची नव्हती.

मी दाराकडे सरकले. मघापासून मी एकसारखी गिळत होते. घशात काहीतरी होतं, खालीही जाईना आणि वरही येईना.

बहिणीने ते कापड बाजूला ठेवलं आणि दुसरं स्वच्छ कापड फाडलं.

‘‘तुम्हीही हेडफोनवरच ऐकलंत ना?’’ तिने मायेने विचारलं. ‘‘या इकडे. आ करा.’’

मी आ केला. तिने माझ्या तोंडात वाकून पाहिलं, जरा थबकली, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनाही कापड गुंडाळायला लागली.