येळवशीच्या रात्रीचं पाणी

शेकोटीत तुराट्या सारत सटवाजीआजोबा म्हणाले, "मोबाईल ठेव खिशात. तसंबी झोप येत न्हाई ना तुला? मग ऐक."

मिहिर लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला होता. महिनाभर रात्री डोळ्याला डोळा लागेना, म्हणून आईनं त्याला कंधारजवळ आजोळी आणून सोडलं होतं. मामेबहीण आरती शेजारी बसून निखाऱ्यावर शेंगा भाजत होती.

"भुताची सांगा आजोबा," ती म्हणाली. "भिऊन तरी झोपंल हा."

"भुताची न्हाई, झालेली सांगतो. माझ्या साडूच्या पोराची. पलीकडच्याच गावात राहतो तो. उद्या जाऊन इचारा त्याला. सांगणार मात्र न्हाई."

आणि आजोबांनी सांगितलं ते असं.

सोमवार होता. तीस डिसेंबर, दोन हजार चोवीस. येळवस. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आपल्याकडं सगळं गाव शेतात जेवायला जातं. भज्जी, उंडे, माठभर आंबील. दिवस मावळला की बायका-पोरं घरी परततात आणि शेतं एकदम मोकळी होतात.

भागवत मात्र उलटा निघाला होता. सगळे गावाकडं, हा शेताकडं. खांद्यावर खोरं, हातात बॅटरी. त्या आठवड्यात मोटारीची लाईट रात्रीची होती आणि गव्हाला पाणी द्यायचं होतं.

वाटेत शेतशेजारी शिवमूर्ती भेटला. "भागवत, माझ्याबी गव्हात सोड गड्या थोडं. आंबील पिऊन डोळे उघडून नाही राहिले. तुझं काय, तू जागाच असतोस."

"हाव. सोडतो," भागवत म्हणाला.

तू जागाच असतोस. सगळं गाव त्याला हेच म्हणायचं. गावाचा काही वाईट हेतू नव्हता. पोराला रात्री झोप येत नाही, मग रिकामा तळमळत पडण्यापेक्षा चार जणांचं पाणी तरी देईल, असा सरळ हिशेब. कुणी त्याला घरची भाकर द्यायचं, कुणी तंबाखू. झोप का येत नाही, हे मात्र कुणी विचारायचं नाही. कारण ते सगळ्यांना ठाऊक होतं.

रामलिंग त्याचा थोरला भाऊ. त्याच साली फेब्रुवारीत गेला. तीही पाण्याचीच रात्र होती आणि पाळी भागवतची होती. रामलिंगनं अंधारात येऊन त्याचा पाय हलवला. "ऊठ रे, लाईट आली."

भागवतनं वाकळ डोक्यावर ओढली. "झोपू दे ना दादा."

रामलिंग हसला. "झोप मग, म्हसोबा," म्हणाला आणि स्वतः गेला.

मोटारीच्या डब्यात करंट उतरला होता. हात ओले होते.

इकडं भागवत ऊन वर येईपर्यंत झोपला. उठला, तोंड धुतलं, चहात दोन बटरं बुडवून खाल्ली. तिसरं हातात होतं तेव्हा कुणीतरी ओरडत आलं.

तेव्हापासून त्याची झोप गेली. म्हणजे यायची, नाही असं नाही. पापणी जड व्हायची, अंग सैल पडायचं. आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी पाय हलवायचं. तो दचकून उठायचा. छाती अशी उडायची की बाजूला झोपलेल्या माणसाला ऐकू जावी. अंगणात कुणी नसायचं. मग पहाटेपर्यंत आढ्याकडं बघणं. हळूहळू दाढी वाढली, जेवण तुटलं. बोलता बोलता मध्येच थांबायचा आणि काय बोलत होतो ते विसरायचा. एकदा चालत्या गाडीवर पेंगला आणि नाल्यात गेला. वाचला, पण वाचल्याचं त्याला काही वाटलं नाही. ते बघून घाबरली ती रामलिंगची बायको, पुनम.

पुनमनं त्याला नांदेडला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. गावानं नाव ठेवलं, येड्याच्या दवाखान्यात नेलं म्हणून. पुनम म्हणाली, "एकाला दवाखान्यात न्यायला वेळच भेटला न्हाई. याला नेते."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हे वेड नाही, म्हणाल्या. दुःख आणि धास्ती मिळून झोप खातात, त्याला इलाज आहे. झोपायची वेळ एकच ठेवायची. झोप आली नाही तर अंथरुणात लोळायचं नाही, उठून बसायचं, डोळे जडावले की परत जायचं. संध्याकाळनंतर चहा बंद. गोळ्या सांगितल्या तशा घ्यायच्या. मनात येईल ते कुणाजवळ तरी बोलायचं. आणि रात्रीची कामं बंद म्हणजे बंद.

गोळ्या आणल्या. पुनम पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहायची. भागवत गोळी जिभेखाली धरायचा आणि मागे जाऊन मोरीत थुंकायचा. कारण त्याला झोप नको होती, आरते. हे कुणाला कळलं नव्हतं. त्याला झोपेचीच भीती बसली होती. आपण झोपलो की कुणीतरी मरतं, असं त्याच्या डोक्यानं धरलं होतं.

आजोबा थांबले. मिहिर शेकोटीकडं बघत होता. आरतीनं शेंगा तशाच राहू दिल्या.

"मग?" ती म्हणाली.

मग येळवशीच्या संध्याकाळी पुनम दारात आडवी आली. "भावजी, जाऊ नका. बाईंनी काय सांगितलं होतं?"

"घरी राहून काय करू वैनी?"

"पडा नुसतं."

"नुसतं पडवत न्हाई," तो म्हणाला आणि निघाला. तिनं त्याच्या अंगावर आपल्या हातानं धुतलेला स्वेटर चढवला, एवढंच.

आखाड्यावर पोचला तेव्हा अंधार गच्च झाला होता. आखाडा म्हणजे चार पत्रे, कडब्याची गंजी आणि एक बाज. त्यानं बाजेवर वाकळ टाकली आणि लाईटीची वाट बघत बसला. अमावस्या. आभाळभर चांदण्या, पण खाली स्वतःचा हात दिसेना. थंडी अशी की बॅटरीची नळीसुद्धा बर्फ लागत होती.

दहाच्या सुमाराला शिवमूर्तीचा फोन आला. "भागवत, घरी ये. तिकडं तार तुटली म्हणे. सकाळपर्यंत न्हाई येत लाईट."

"बरं."

"बरं न्हाई, निघ."

"निघालो," म्हणाला. निघाला नाही. घर काय आणि शेत काय.

फोन खिशात ठेवला. मग सगळं शांत झालं.

किती वेळ गेला, कुणास ठाऊक. बसल्या बसल्या त्याची मान कलली. आणि त्याला पाण्याचा आवाज आला.

आधी वाटलं, कानच वाजताहेत. दहा महिने न झोपलेल्या माणसाचे कान वाजतातच. त्यानं कान चोळले. आवाज राहिला. दांडातून, म्हणजे मातीच्या पाटातून, पाणी चाललं होतं. भरल्या दांडाचा तो बारीक, गार आवाज, शेतकऱ्याच्या पोराला चुकणार नाही असा.

मोटार बंद. लाईट नाही. आणि पाणी चाललेलं.

त्यानं बॅटरी लावली. उजेड गव्हापर्यंत गेला आणि तिथं विरला. काही दिसलं नाही. मग खोऱ्याचा आवाज आला. खच्च. थांबून, पुन्हा खच्च. कुणीतरी एका वाफ्याचं तोंड बांधलं आणि दुसऱ्याचं मोडलं.

"कोण हाय?"

खोरं थांबलं.

"शिवमूर्ती?"

आणि मग पावलं. चिखलातली. पाय रुतायचा... सुटायचा. रुतायचा... सुटायचा. घाई नाही. पेंढीच्या ओझ्यानं थकलेला माणूस येतो तशी. आखाड्याकडं.

भागवतनं बॅटरी विझवली. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. बघायचं नव्हतं त्याला. पळायचं होतं, पण पाय बाजेवरून खाली उतरेनात.

पावलं पत्र्याखाली आली.

ओल्या मातीचा वास आला. जवळ. अगदी जवळ.

भागवतनं डोळे मिटले.

आणि पायाला हात लागला.

गार... ओला... हात.

पाय हलला. एकदा. 'ऊठ रे, लाईट आली' हे शब्द येतील म्हणून तो थांबला. शब्द आले नाहीत. कुणीतरी नुसतं उभं होतं. दमून श्वास टाकत होतं. कितीतरी रात्री पाणी देत फिरणाऱ्या माणसाचा श्वास.

आणि भागवतला एकदम कळलं, बघा. झोप याचीही झालेली नाही.

दहा महिन्यांत तो कुणाजवळ काही बोलला नव्हता. आईजवळ नाही, पुनमजवळ नाही, डॉक्टरीणबाईंजवळही अर्धंच. अंधारात पहिल्यांदा त्याचं तोंड उघडलं.

"दादा," तो म्हणाला. "त्या दिवशी मी उठायला पाहिजे होतं."

त्यानं वाकळ मुठीत धरली.

"मी चहा प्यालो रे. तू तिकडं पडला होतास अन् मी बटरं खाल्ली."

श्वास थांबला.

"आता तू टेक जरा. पाणी मी बघतो. तू लई दमला."

मग बाज करकरली.

त्याच्या बाजूला. काथ्याचा सुंभ ताणला गेला. दुसरी बाजू खाली गेली... एका माणसाच्या वजनानं. हळूच. वाकळ ओढली गेली.

भागवत काठावर ताठ बसून राहिला. मान वळवली नाही. वळवायची हिंमतच नव्हती. पाठीमागं श्वास चालू होता. आधी जड. मग सावकाश. मग एकसारखा. लहानपणी दोघं एकाच वाकळीत झोपायचे, तेव्हा ऐकायचा तसा. भीतीनं त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

दांडाचा आवाज कमी होत गेला.

पुढचं त्याला ठाऊक नाही.

आजोबांनी एक तुराटी मोडून विस्तवात टाकली. "आता पुनमचं ऐका."

सकाळी ऊन चढलं तरी भागवत घरी आला नाही. फोन लागेना. पुनमनं चुलीवरचा तवा तसाच टाकला आणि पळत सुटली. चप्पल वाटेत तुटली, ती तिनं उचललीही नाही. याच वाटेनं ती फेब्रुवारीत पळाली होती.

भागवत बाजेवर कुशीवर पडला होता, तिच्याकडं पाठ करून. हलत नव्हता. तिनं हाक मारली नाही. हाक मारायची भीती वाटली तिला. वाकून त्याच्या नाकासमोर हात धरला.

श्वास लागला.

ती तिथंच मातीत बसली. तो घोरत होता, तोंड उघडं टाकून. दहा महिन्यांत पहिल्यांदा. तिनं त्याला उठवलं नाही. दुपारी तो स्वतः जागा झाला, तोपर्यंत ती शेतातच थांबली. त्याच दिवसापासून त्यानं गोळी खरोखर गिळायला सुरुवात केली. शिवमूर्तीला सांगितलं, रात्रीचं पाणी आता तुझं तू बघ. पुन्हा नांदेडला गेला, आणि या खेपेला बाईंना सगळं सांगितलं, बटरांसकट. एका रात्रीत काही बरं होत नाही, पोरांनो. अजून काही रात्री त्याला उठून बसावं लागतं. पण झोपतो.

"म्हणजे त्याला स्वप्न पडलं होतं," मिहिर म्हणाला. आवाज बारीक आला.

"असंल."

"पाणी आलं होतं का मग गव्हाला?"

"न्हाई. लाईट दुपारनंतर आली. दांड कोरडा, वाफे कोरडे. सगळ्या शिवारात चमचाभर चिखल नव्हता. पुनमनं दोनदा फिरून बघितलं."

आरती सरकून मिहिरला चिकटली.

"कामून बघितलं तिनं फिरून?" तिनं विचारलं.

कारण तो झोपलेला असताना तिनं त्याची पाठ बघितली होती. स्वेटरवर, दोन खांद्यांच्या मधोमध, एक पंजा उमटला होता. पाच बोटं. काळ्या मातीच्या चिखलाचा. भागवतचा हात स्वतःच्या पाठीवर तिथवर पोचत नाही.

तिनं त्यावर अलगद आपला हात ठेवून बघितला. पंजा तिच्या हातापेक्षा मोठा होता.

चिखल अजून ओला होता.